पाच आणि पंचवीस

विमानाचा बाहेरचा रंग खरवडला की खाली बहुधा पिवळसर हिरवा थर लागतो. स्ट्रॉन्शियम क्रोमेटचा प्रायमर. ओरखडा पडला की क्रोमेट ओलाव्यात विरघळते, उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमपर्यंत पोचते आणि गंज थोपवते. म्हणून अभियंत्यांचा त्याच्यावर जीव. पण हे षट्संयुजी क्रोमियम आहे. फवाऱ्यातून ते श्वासात गेले तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९० साली यावर शिक्कामोर्तब केले.

अमेरिकेने २००६ साली कामाच्या जागेसाठी मर्यादा घातली : एक घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम. त्याच नियमात एक सवलत आहे. विमान किंवा त्याचे मोठे भाग रंगवताना पंखे, बूथ वगैरे यंत्रणेने हवा २५ मायक्रोग्रॅमपर्यंत स्वच्छ केली तरी पुरे. पुढचे पंचवीस ते पाच हे अंतर भरून काढायचे कामगाराच्या मास्कने.

म्हणजे हवा पाचपट घाण राहिली तरी चालेल, मास्क तेवढा घट्ट बसला पाहिजे. घामाने तो सरकतो. दाढीचे खुंट वाढले तरी फट राहते. आठ तासांच्या पाळीत तो एकदाही हलणार नाही, असे धरून हा नियम केला आहे.

उद्योगाची अडचण खोटी नाही. मिठाच्या फवाऱ्याच्या गंज-चाचणीत टिकलेला क्रोमेटचा पर्याय रिव्हेटच्या भोवती, पत्र्यांच्या सांध्यात वर्षानुवर्षे टिकेलच असे नाही, आणि तिथला गंज वरून दिसत नाही. तिथे घाई नकोच. पण विमानाच्या बाहेरच्या अंगासाठी क्रोमेटविरहित प्रायमर वापरात आलेले आहेत. प्रायमरच्या आधीच्या प्रक्रियेसाठी अमेरिकी नौदलानेच त्रिसंयुजी क्रोमियमची रीत विकसित केली. तरीही सवलतीत सांधा कोणता आणि बाहेरचा पत्रा कोणता, असा भेद नाही.

युरोपनेही स्ट्रॉन्शियम क्रोमेटच्या वापरासाठी २२ जानेवारी २०१९ ही अखेरची तारीख ठरवली आणि पुढे विमान उद्योगाला खास परवानग्या दिल्या. आज लागलेला थर विमानावर वर्षानुवर्षे राहील. मग कुठल्या तरी हँगरमध्ये एखादा कामगार तो घासून काढेल. तेव्हाही भिस्त त्याच्या मास्कवरच राहणार असेल, तर जिथे पर्याय सिद्ध झाला आहे तिथली सवलत आजच काढून घ्या.