नळाचं मीटर आणि दुधाची डायरी

परवा दुपारी जेवणं आटोपून जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात शेजारची सून पाण्याचं बिल हातात घेऊन आली. डोळे भरलेले.

"काकू, पाहा न हे. एका महिन्याचे अडतीस युनिट! आत्याबाई सकाळपासून बोलून राहिल्या, पानी काय नदीत सोडते काय व, म्हणून."

बिल कोणाच्याही नावावर येवो, पाण्यावरून बोलणी खायची ती घरातल्या सुनेनंच. आणि ही पोरगी तर इतकी जपून वागणारी, की भांडी आणि अंगण धुणं सगळं हापशीच्या खाऱ्या पाण्यावर काढते. दर्यापूरकडच्या बायकांना हे सांगायला नको, पण बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलढाण्याचा हा मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. काळी जमीन कापसाला उत्तम, पण खालचं पाणी खारट. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर मूत्रपिंडावर बेततं. त्यामुळे तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शहानूर नदीवर धरण बांधलं आणि तिथलं गोड पाणी नळानं आपल्या गावात आलं, तेव्हा बायकांचा जीव भांड्यात पडला. म्हणूनच "जास्त बिल पाठवतात ना, भरूच नका" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. थकबाकीत नळ कापला की पुन्हा खारं पाणी, नाहीतर विकतचे कॅन.

तिला आधी पाणी पाजलं (गोडंच!) आणि बिल घेऊन बसले.

एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर. अडतीस युनिट म्हणजे अडतीस हजार लिटर. पंधरा लिटरची बादली धरली तर महिन्याला अडीच हजारांवर बादल्या, रोजच्या चौऱ्याऐंशी. घरात माणसं सहा. "अगं, एवढ्या बादल्या भरायला तरी सवड आहे का तुला?" म्हटलं, तेव्हा कुठे जरा हसली.

मग मागची बिलं काढायला लावली. नशिबानं कपाटात कागदाखाली घालून ठेवलेली होती. चार महिने ओळीनं आठ, आठ, आठ, आठ युनिट. मैत्रिणींनो, असा एकसारखा आकडा दिसला की समजावं, कोणी मीटर पाहिलेलंच नाही. शेजारी बारीक अक्षरात "सरासरी" किंवा "दार बंद" अशी नोंद असते, तीच इथेही होती. दिवाळीआधी घरात चार माणसं होती, तेव्हा आठ युनिट पुरत. दिवाळीनंतर धाकटे दीर-जाऊ राहायला आले, वापर वाढला, पण बिलं जुन्या सरासरीनंच येत राहिली. पाचव्या महिन्यात मीटर प्रत्यक्ष वाचलं गेलं आणि मागची सगळी तूट त्या एका महिन्यावर येऊन पडली.

आता कोणी म्हणेल, पाणी तर वापरलं ना, मग पैसे द्यायला काय हरकत? हरकत आहे, आणि ती इथेच आहे. बऱ्याच ठिकाणी पाण्याचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात. पहिल्या काही युनिटांना स्वस्त, पुढच्यांना महाग, त्यापुढच्यांना आणखी महाग. दर महिन्याला चौदा-पंधरा युनिट वापरणारं घर खालच्या टप्प्यांत राहतं. तेच पाच महिन्यांचं पाणी एका महिन्यात दाखवलं की घर वरच्या टप्प्यात जाऊन बसतं. पाणी तेवढंच, पैसे जास्त. तेव्हा भांडायचं ते युनिटांवर नाही, युनिटांच्या वाटणीवर. हे एवढं ध्यानात आलं की कचेरीत आवाज चढवावा लागत नाही.

पण पुरावा? तोही घरातच निघाला. गेल्या वर्षी मी सहज सांगितलं होतं, म्हणून ती दर महिन्याच्या एक तारखेला दुधाच्या डायरीत मीटरचा आकडा लिहीत होती. लिहायची आणि विसरायची. डायरी आणली तर दुधाच्या लिटरांच्या शेजारी ओळीनं आकडे: डिसेंबर ३१८, जानेवारी ३३१, फेब्रुवारी ३४४, मार्च ३५७, एप्रिल ३७२, मे ३८८. पाच महिन्यांत सत्तर युनिट. बत्तीसचे पैसे आधीच भरलेले, उरलेले अडतीस. बिलातला आकडा खरा होता, फक्त तो एका महिन्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो, आणि आत्याबाईही "मी बी येते" म्हणून निघाल्या. अर्ज साध्या मराठीत, एका पानाचा: ग्राहक क्रमांक, मीटरचा क्रमांक, महिन्यावार वाचन, आणि शेवटी "थकीत युनिटे ज्या त्या महिन्यात विभागून बिल दुरुस्त करून द्यावे". सोबत मागच्या बिलांच्या झेरॉक्स आणि मोबाइलवर काढलेल्या मीटरच्या फोटोची प्रत. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक नि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नये.

तिथले बाबू आधी म्हणाले, "बाई, मीटर काही खोटं बोलत नाही."

आमची पोरगी हळूच म्हणाली, "म्हणूनच त्याचे आकडे लिहून आणले, साहेब."

त्यांनीही मग डायरी नीट पाहिली. माणूस वाईट नव्हता. चार दिवसांनी जागेवर येऊन वाचन पडताळलं आणि पुढच्या खेपेला बिल विभागून मिळालं. रक्कम शून्य झाली नाही, व्हायचीही नव्हती. पाणी वापरलेलंच होतं. पण वरच्या टप्प्याचा भुर्दंड गेला.

मात्र थोडी चूक आपल्याकडचीही होती, ती झाकून ठेवत नाही. यांचं मीटर मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे. दुपारी घराला कुलूप. वाचणारा माणूस येणार, दार वाजवणार आणि "दार बंद" लिहून जाणार. नवीन मीटर बसवून घेणाऱ्यांनी म्हणूनच आधी जागेचा विचार करावा. फाटकाजवळ, बाहेरून हात घालून झाकण उघडता येईल अशा पेटीत मीटर असावं. नळजोडणीच्या अर्जाला घराच्या कराची पावती लागतेच, ती आधीच शोधून ठेवावी, म्हणजे ऐनवेळी यजमानांवर ओरडावं लागत नाही. काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावं. आपण फक्त उभं राहून चार गोष्टी पाहाव्यात. मीटरवरचा बाण पाण्याच्या वाहण्याच्या दिशेनं हवा. मीटर आडवं, सपाट बसावं, तोंड वर. त्याच्याआधी कॉक हवा, म्हणजे दुरुस्तीला पाणी बंद करता येतं. आणि मीटरनंतरच घरातले फाटे फुटावेत. मीटरवर आयएसआयची खूण आहे का ते बघावं. सील लावून झालं की सुरुवातीचा आकडा आणि मीटरचा क्रमांक तिथल्या तिथे कागदावर उतरवून सही घ्यावी. ते सील पुढे कधीही, कितीही जाणकार पुतण्या आला तरी, तोडू देऊ नये.

वाचायचं कसं? काळे आकडे म्हणजे पूर्ण युनिट. लाल आकडे किंवा लाल काटे म्हणजे त्याखालचे लिटर. बिलात फक्त काळे धरतात. लाल आकडा चुकून ओळीत धरला गेला तर युनिट एकदम दसपट दिसतात, तेव्हा बिलावरचा आकडा आपल्या मीटरशी ताडून पाहावा.

आकडे बरोबर असूनही बिल चढतं आहे असं वाटलं तर रात्री निजताना सगळ्या तोट्या बंद करून मीटरवरची छोटी चांदणी पाहावी. नळाला पाणी असताना ती फिरत असेल तर मीटरच्या अलीकडे, म्हणजे आपल्या घरात, कुठेतरी गळती आहे. नव्वद वेळा ती संडासाच्या टाकीत सापडते! टाकीत कपड्यांची नीळ थोडी टाकावी आणि अर्धा तास कोणाला आत जाऊ देऊ नये. भांड्यात निळं पाणी उतरलं की समजलं. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटीही दिवसाला सुमारे वीस लिटर घालवते. वायसर दहा-वीस रुपयांचा, पण "रविवारी बसवू" म्हणत किती रविवार जातात ते मी माझ्या घरचंच सांगू शकते.

मीटर जोरात पळतं अशी शंका असेल तर वीस लिटरचा कॅन पाच वेळा काठोकाठ भरावा आणि लाल काट्यावर शंभर लिटर चढले का ते पाहावं. चार-पाच लिटरचा फरक आपल्या मापातही असू शकतो. फरक मोठा असेल तर फी भरून मीटरची तपासणी मागावी आणि ती होताना हजर राहू द्या असंही अर्जात लिहावं. जिथे पाणी काही दिवसांआड येतं, तिथे आधी नळातून हवा येते आणि तीही चक्र फिरवते. तोटी उघडी टाकून पाण्याची वाट पाहत झोपू नये, पाणी आल्यावरच उघडावी. आणि नळाला थेट टिल्लू पंप लावणाऱ्या भगिनींनो, तो शेजारणीचं पाणी तर ओढतोच, वर हवा आणि गटाराजवळची घाणही ओढतो.

अर्जाला उत्तरच आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज करून आपल्या मीटरच्या वाचन नोंदवहीची प्रत मागता येते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा तो अर्ज पडला की मूळ अर्जही सापडतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण तोवर बिलातली जी रक्कम आपल्याला मान्य आहे ती "हरकत राखून" भरावी आणि पावती जपावी.

मीटर म्हणजे नसती ब्याद, असं म्हणणाऱ्या बायकाही मला भेटतात. त्यांना मी मलकापूरचं सांगते. आपल्या बुलढाण्याचं नव्हे, साताऱ्याकडे कराडजवळ आहे ते. तिथे घरोघरी मीटर लावून, टप्प्याचे दर ठेवून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात झाली. पाणी कधीही मिळणार म्हटल्यावर शिळं म्हणून हंडेच्या हंडे ओतून देण्याचं कारणच उरत नाही.

शेजारच्यांनी आता मीटर फाटकाजवळ हलवायचा अर्ज दिला आहे. तोवर एक तारखेचं काम आत्याबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. काल सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "चष्मा आन व माहा. लाल आकडे सोड, काये लिहून घे... चारशे दोन."

मी आपली माझी डायरी शोधायला उठले.