कॅम्प नंबर पाच

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर रिक्षावाले ‘कॅम्प चार, कॅम्प पाच’ असा पुकारा करतात. उल्हासनगरात पत्ता सांगायचा तर बॅरेक नंबर, सेक्शन आणि कॅम्प आलेच. छावणी उठून पाऊणशे वर्षं झाली, शब्द मात्र जागचा हलला नाही.

त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘कॅम्पस’मध्ये आहे. कॅम्पस म्हणजे मोकळं मैदान. रोममध्ये सैन्याची कवायत चाले ती अशाच मैदानात. मैदान आलं की लढाई आली, म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘कॅम्प’चा अर्थ होता झुंज, लढाई. ‘चॅम्पियन’ही याच कुळातला. हा अर्थ पुढे लोपला. सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून शब्द नव्याने आला, तो लष्कराचा तळ हा अर्थ घेऊन.

इंग्रजांच्या पलटणींबरोबर तो आपल्याकडे रुजला. पुण्यातल्या लष्कर भागाला आजही सगळे कॅम्प म्हणतात. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी ट्रान्झिट कॅम्प उभारला गेला. युद्ध संपलं, बॅरेक रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली सुमारे लाखभर माणसं तिथे येऊन पडली. एकेका लांबलचक बॅरेकमध्ये गोणपाटाचे पडदे टांगून कितीतरी संसार मांडले गेले. बायकांनी पापड लाटले, पुरुषांनी आणि पोरांनी ते लोकलमध्ये फिरून विकले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. १९९६ साली महापालिकाही झाली.

तळ कधी ना कधी हलतो, सैनिक घरी परततात. या माणसांना परतीची वाटच नव्हती. त्यांनी जिथे पथारी पसरली तिथेच बाजार उभा केला, कारखाने काढले, मुलं शिकवली. कॅम्पचा लढाई हा विसरलेला अर्थ मला इथे खरा झालेला दिसतो. म्हणूनच हा शब्द निर्वासितपणाची खूण म्हणून कुणी पुसू नये. तो अभिमानाने मिरवावा.

बहुतेक बॅरेकच्या जागी आता इमारती उभ्या आहेत. उरलेल्यांपैकी एक तरी महापालिकेने मूळ रूपात जपावी. आणि ज्यांच्या घरी ते दिवस पाहिलेले आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात. उद्यावर टाकायला वेळ उरलेला नाही.