आजीला उठवताना हात ओढू नका. आधी घराकडे बघा

आजऱ्यात पावसाची झड लागली की अंगणातल्या फरशीवर, जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि न्हाणीच्या दारात शेवाळ धरते. तरुण माणूस घसरला तर कपडे झटकून उठतो. पंचाहत्तरीतली आजी घसरली तर खुब्याचे हाड मोडू शकते आणि मग कोल्हापूरच्या सीपीआरपर्यंत धावपळ सुरू होते. घरात मात्र एकच वाक्य ऐकू येते, ‘वय झालं, पडणारच.’

हे वाक्य सोयीचे आहे, कारण त्यात घराचा दोष दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार लोक पडल्यामुळे दगावतात. त्यात साठी ओलांडलेले सर्वाधिक असतात.

जुने कौलारू घर आठवून पाहा. सोप्यातून माजघरात जाताना उंच उंबरठा, आत अंधार, न्हाणी मागच्या परड्याकडे. शौचालय तर अनेकदा घराबाहेरच. स्वच्छ भारत मिशनच्या 12 हजार रुपयांच्या अनुदानातून गावोगाव शौचालये झाली, हे चांगलेच झाले. पण उकिडवे बसलेले म्हातारे माणूस कशाला धरून उठणार, हा प्रश्न राहून गेला. रात्री, पावसात, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन तिथवर जायचे, हे धाडसच म्हणायचे.

उपाय भिंतीतल्या दांडीचा. टॉवेलची दांडी चालत नाही. ती दोन बारीक स्क्रूंवर टांगलेली असते, माणसाचा भार पडला की उपटून येते. जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीत नुसता खिळा-स्क्रू टिकत नाही. बोल्ट भिंतीच्या आरपार न्यावा आणि मागून लोखंडी पट्टी द्यावी. नाहीतर जमिनीत काँक्रीट करून जाड पाइप रोवावा. गावातल्या वेल्डरला हे काम नवीन नाही.

आता उठवण्याबद्दल. बहुतेक घरांत सून किंवा सत्तरीतली बायकोच आजोबांचे दोन्ही हात धरून, नाहीतर काखेत हात घालून ओढते. त्यात त्यांचा खांदा दुखावतो आणि हिची कंबर जाते. त्याऐवजी आजोबांना खाटेच्या कडेपर्यंत सरकू द्यावे. पावले गुडघ्यांच्या थोडी मागे, अंग पुढे झुकलेले, हात खाटेवर टेकलेले. मग एक-दोन-तीन म्हणून त्यांनीच जोर लावायचा. आधार देणाऱ्याने शेजारी उभे राहून कंबरेला बांधलेला रुंद पट्टा धरायचा. झोपेतून उठल्यावर मिनिटभर बसू द्यावे, कारण एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. ऐकायला उलटे वाटते, पण भार तसाच वाटला जातो. उंची मनगटाच्या घडीइतकी. तळाचे रबर झिजले की लगेच बदलावे.

पडलेल्या माणसाला घाईने उचलू नये. आधी कुठे दुखते ते विचारावे. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, तर तसेच झोपवून 108 वर फोन करावा.

पैशांचे काय? मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच 3 हजार रुपये खात्यात मिळतात. वॉकर, कमोड खुर्ची, काठी ही नावे त्या योजनेत ठळक आहेत. भिंतीतली दांडी नाही. ती यादीत यायला हवी, आणि घरकुल व शौचालयाच्या आराखड्यातही. चाकाची खुर्ची उंबरठ्याशी अडून बसते, दांडी रोज उपयोगी पडते.

तोवर हे काम घरच्यांनाच करायचे आहे. गणपतीला मुंबईकर गावी येतील, तेव्हा करून घेऊ, असे ठरते खरे. त्या आठवड्यात वेल्डर मिळत नाही. त्याला आधीच सांगून ठेवावे.