ऐकू कमी येणे : वय की विकार?

लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या मोंढ्यात पेढीवरील ज्येष्ठांना भाव नीट ऐकू आला नाही, की ‘वय झाले’ असे म्हणून विषय संपतो. पुढे ते संभाषण टाळतात, प्रवचनालाही जात नाहीत. परंतु प्रत्येक बहिरेपण वार्धक्याचे नसते. साचलेला मळ डॉक्टर काढू शकतात. पडद्याचे छिद्र शस्त्रक्रियेने बुजविता येते. वाहत्या कानात तेल मुळीच घालू नये.

डाळमिलमध्ये 85 डेसिबलहून अधिक आवाज वर्षानुवर्षे कानी पडल्यास अंतःकर्णातील पेशी नष्ट होतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. तेथे इअरप्लग आवश्यक. वयोमानाने मंदावलेल्या श्रवणास श्रवणयंत्र साहाय्य करते. चष्म्याचा संकोच नाही, मग त्याचा का असावा?

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास मात्र थांबू नये. उपचार दोन-तीन दिवसांतच सुरू व्हावेत. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. घरच्यांनी ओरडण्याऐवजी समोर बसून सावकाश बोलावे आणि श्रवणचाचणी अवश्य करवून घ्यावी.