कपाळावरचे पुसणे

मराठीत कपाळ ही लिहिण्याची जागा मानली गेली आहे. मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर आयुष्याचा लेख लिहून जाते. तो कुणाला वाचता येत नाही आणि पुसता तर मुळीच येत नाही. याच कपाळावर बाईचे कुंकू असते. ते मात्र पुसले जाते, आणि बहुधा इतरांच्या हातांनी. न पुसता येणारा लेख आणि बळजबरीने पुसलेले कुंकू, या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी शक्यता आहे. आपल्या चेहऱ्यावरचे काही आपल्याला नकोसे झाले म्हणून आपण होऊन पुसून टाकावे, अशी. तिच्यासाठी आपल्या भाषेत शब्द नाही. तो का नाही, हा प्रश्न आम्हांला एका विद्यार्थिनीमुळे पडला.

वर्गात लोकसाहित्य शिकवताना आम्ही गोंदणावर बोलत होतो. स्त्रीधन हिरावले जाते, दागिने गहाण पडतात, पण गोंदण मृत्यूनंतरही सोबत येते, ही लोकसमजूत सांगून झाली. शांता शेळके यांच्या एका कवितासंग्रहाचे नावच ‘गोंदण’ आहे, हेही सांगून झाले. तास संपल्यावर भामरागड तालुक्यातली एक माडिया मुलगी जवळ आली. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे ठिपके होते. तिने विचारले, “सर, हे काढता येतं का?”

आम्ही उत्तर म्हणून तिला एक व्याख्यानच दिले. अस्मिता, वारसा, आदिवासी सौंदर्यदृष्टी वगैरे. तिने ऐकून घेतले आणि ती निघून गेली. वसतिगृहात तिला त्या ठिपक्यांवरून रोज काय ऐकावे लागते, हे आम्हांला पुष्कळ दिवसांनी कळले. तिचा प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच होते. ते आम्हांला ठाऊक नव्हते आणि ते शोधण्याची गरजही आम्हांला वाटली नव्हती.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. या दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात गोंड आणि माडिया स्त्रियांच्या चेहऱ्यावर, हातापायांवर गोंदण आढळते. म्हाताऱ्यांच्या अंगावर ते भरगच्च असते, नातींच्या अंगावर विरळ होत जाते. दिव्याची काजळी आणि सुयांचा जुडगा एवढीच त्याची सामग्री. काजळी कातडीच्या आतल्या थरात जाते, तिथल्या पेशी ती गिळतात आणि धरून ठेवतात. गोंदण टिकते ते यामुळे. हे बहुधा लहानपणी केले जाते. जिच्या अंगावर ते कायमचे राहायचे, तिला त्या वयात कुणी विचारलेले नसते.

आता शहरातला नेमका उलटा प्रकार पाहावा. ओठ भरीव दिसावेत, गाल वर यावेत म्हणून हायल्युरोनिक आम्लाचे जेल सुईने चेहऱ्यात भरतात. त्याला ‘फिलर’ म्हणतात. हे आम्ल मूळ शरीरातलेच. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते गायीच्या डोळ्यातील काचेसारख्या द्रवातून वेगळे केले. भरलेला चेहरा परका वाटू लागला, तर डॉक्टर हायल्युरोनिडेज नावाचे विकर टोचतात आणि एक-दोन दिवसांत ते जेल बहुतांशी विरघळते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले, तर कातडी मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. तेव्हा हेच विकर तातडीने द्यावे लागते. सापाच्या विषातही ते असते आणि विष ऊतींमध्ये पसरायला मदत करते. जंगलात ज्याचे भय, त्याचाच एक घटक दवाखान्यात दुरुस्तीला येतो. अर्थात सगळीच भरणी विरघळत नाही. सिलिकॉनवर या विकराचा काही परिणाम होत नाही.

ओठ भरून पस्तावलेली आणि ते विरघळवून घेणारी शहरी तरुणी संस्कृतीशी द्रोह करते, असे कुणी म्हणत नाही. तिने एक निर्णय घेतला, तो चुकला, तो तिने मागे घेतला, विषय संपला. माडिया मुलीने मात्र तिने न घेतलेला निर्णय मागे घ्यायचा म्हटला, की आम्ही समीक्षक तिच्या वाटेत वारसा घेऊन उभे राहतो. शहरातल्या मुलीचा चेहरा आपण तिचा मानतो. माडिया मुलीचा चेहरा आपण संहिता म्हणून वाचतो. संहितेत खाडाखोड झालेली अभ्यासकाला आवडत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. तिला गोंदण नकोसे झाले ते इतरांनी हिणवल्यामुळे. मग ही इच्छा तिची कशी म्हणायची? लेसर ठिपके पुसेल. हिणवणाऱ्यांची नजर कशी पुसणार? आक्षेप खरा आहे. भारतीय लष्कराच्या भरतीत आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार चेहऱ्यावर वा अंगावर असलेल्या गोंदणाची मुभा आहे. जे लष्कराला चालते ते वसतिगृहातल्या पोरींना चालू नये, ही लाज त्या मुलीची नव्हे; तिच्या सोबतिणींची आहे आणि त्यांना शिकवणाऱ्या आमची आहे. पण आमची लाज धुऊन निघेपर्यंत तिने आपल्या कपाळावर वारसा सांभाळत बसावे, हे कोणत्या न्यायाने? आणि ओठ भरणारी मुलगी तरी कुणाच्या नजरेसाठी ते भरते? चेहऱ्याविषयीची निखळ स्वतःची इच्छा आमच्या पाहण्यात नाही. तशी इच्छा फक्त आदिवासी मुलीकडूनच मागणे हा अन्याय आहे.

उशिरा का होईना, आम्ही उत्तर शोधले. होय, काढता येते. लेसरच्या अतिसूक्ष्म काळाच्या झोतांनी काजळीचे कण फुटतात आणि मग शरीरच ते हळूहळू वाहून नेते. सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. तरीही पांढुरका किंवा काळसर डाग राहण्याची शक्यता असते. एका खेपेत काम होत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा जावे लागते. आम्ल किंवा क्षार लावून गोंदण घालवण्याचे घरगुती उपाय मात्र व्रण मागे ठेवतात. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर, आणि तिथून नागपूर जवळजवळ तेवढेच पुढे. म्हणजे ‘काढता येते’ या दोन शब्दांत प्रवासभाडे, पैसे आणि बुडालेले दिवसही मोजावे लागतात.

हे सारे आम्ही त्या मुलीला सांगितले, आणि आधीच्या व्याख्यानाबद्दल क्षमाही मागितली. तिने अजून काही ठरवलेले नाही. आजीला विचारते, एवढेच म्हणाली. ती काय ठरवील यावर आमचे काही मत असू नये, असा आमचा प्रयत्न आहे. तो पुरता साधतो असे नाही.

आमच्या सहव्यवसायींना विनंती एवढीच, की गोंदणावरचा तास घेताना ते का करतात यासोबत ते नको असेल तर काय, हेही सांगावे. समोरच्या बाकावर कदाचित ती बसलेली असेल, आणि तिने विचारायच्या आधी उत्तर तयार असलेले बरे.