बंदीच्या ६१ दिवसांत शिळे होणारे पेट्रोल: लहान होडीवाल्यांचा विचार कोण करणार?

१ ऑगस्टला मासेमारीचा नवा हंगाम सुरू होतो. राजिवडा, कर्ला, जयगडपासून बाणकोट, राजपुरीपर्यंत आपल्या मोहल्ल्यांत त्याआधी जाळी शिवली जातात, होड्यांना रंग लागतो, कागदपत्रे नवी केली जातात. या तयारीत एक गोष्ट बहुधा सर्वात शेवटी आठवते. ती म्हणजे मे महिन्यापासून पडवीत पडून असलेला पेट्रोलचा कॅन. "आहे ना थोडं, पहिल्या फेरीला चालून जाईल," असं म्हणून तेच पेट्रोल टाकीत ओतले जाते. आम्हाला वाटते की यावर आता गांभीर्याने बोलायला हवे. कारण पेट्रोल आता पूर्वीचे राहिलेले नाही.

राज्यात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंदी असते. माशांच्या प्रजननासाठी ती आवश्यक आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण याच काळात कोकणातली हवा सर्वात दमट असते आणि याच काळात होडीचे इंधन न वापरता पडून राहते.

इथेनॉलने काय बदलले?

जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले. पुढचे २० टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते अलीकडे आणले गेले. २०२५ पासून जवळपास सगळ्याच पंपांवर ई-२० पेट्रोल मिळते. परकीय चलन वाचते, ऊस उत्पादकाला बाजार मिळतो, हे फायदे खरे आहेत. पण धोरण ठरवताना चर्चा झाली ती मोटारी आणि दुचाकींची. होडीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा विचार त्यात फारसा दिसला नाही.

साधे पेट्रोलही पडून राहिले की बिघडते. त्यातला हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. इथेनॉलमुळे त्यात आणखी एक भर पडते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. म्हणजे इंजिन सुरू करताना सर्वात आधी ओढले जाते ते हेच पाणी.

टू-स्ट्रोक इंजिनात धोका जास्त आहे. तिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. तळाला बसलेल्या पाणी-इथेनॉलच्या थरात ऑइल विरघळत नाही. मग पिस्टनला वंगण मिळत नाही आणि इंजिन धरते. कर्ज काढून किंवा आखाती देशातल्या मुलाने पाठवलेल्या पैशातून घेतलेले इंजिन असे एका सकाळी निकामी होऊ शकते. ते खाडीच्या मुखाशी, लाटा फुटतात तिथे बंद पडले तर प्रश्न इंजिनाचा राहत नाही, माणसाच्या जिवाचा होतो.

बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. अमेरिकेत तर त्याहून जास्त इथेनॉलचे पेट्रोल बोटीच्या इंजिनात वापरायला मनाई आहे. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय पंपावर मिळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ती फेटाळली गेली.

भार कोणावर पडतो?

मोठ्या ट्रॉलर आणि पर्ससीन नौका डिझेलवर चालतात. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळले जात नाही, शिवाय सहकारी संस्थांमार्फत त्यावर कराचा परतावाही मिळतो. परतावा रखडतो ही तक्रार आहेच, पण निदान त्यासाठी योजना आहे. पेट्रोलवर चालणारी फायबरची होडी घेऊन दोघे भाऊ किंवा बाप-लेक जातात, त्यांना पंपावर जे मिळेल ते भरावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. त्या दर्जाचा अर्थ या शेवटच्या होडीपर्यंत पोहोचायला हवा.

मग घरात काय करायचं?

पडून असलेले पेट्रोल थेट टाकीत ओतू नका. काचेच्या स्वच्छ बरणीत थोडे काढून, झाकण लावून, स्वयंपाकघर आणि मुलांपासून दूर रात्रभर ठेवा. सकाळी दोन थर दिसले, रंग गडद झाला असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ते इंजिनात घालू नका. वरचा थर काढून वापरणेही बरोबर नाही. त्यातले इथेनॉल निघून गेल्याने त्याची प्रत घसरलेली असते. इंधन टिकवण्याचे औषध बाजारात मिळते, पण ते ताज्या पेट्रोलमध्ये घालायचे असते. शिळे पेट्रोल त्याने सुधारत नाही.

पुढच्या वर्षी बंदीआधीच काळजी घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात लागेल तेवढेच पेट्रोल आणा. शेवटच्या फेरीनंतर इंजिन पाण्यात असतानाच इंधनाची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. टाकी रिकामी, कोरडी करून ठेवा. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवून घ्या. आणि लक्षात ठेवा, १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विनापरवाना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते. चुलीजवळच्या पडवीत तर एक कॅनही नको.

बिघडलेले पेट्रोल टाकायचे कुठे?

खरी अडचण इथे आहे. गटारात ओतले की ते खाडीतच जाते. त्याच खाडीत आपल्या बाया-बापड्या मुळे, तिसऱ्या, कालवे काढतात. जाळले तर भडका उडतो. वापरलेल्या वंगण तेलासाठी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवर जबाबदारी टाकणारा नियम आला. शिळे पेट्रोल त्यात बसत नाही. धोकादायक कचऱ्याची अधिकृत केंद्रे कारखान्यांचा विचार करून उभी राहिली, तळोज्यासारख्या ठिकाणी. पाच लिटरचा कॅन घेऊन रत्नागिरीहून तिथे कोण जाणार?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. बंदरांवर शिळे इंधन आणि जुने ऑइल जमा करण्याची सोय करावी. मच्छीमार संस्थांच्या पंपांवर लहान होड्यांसाठी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेले पेट्रोल मिळावे. आणि डिझेलला असलेल्या परताव्यासारखी योजना पेट्रोलवरच्या होड्यांनाही लागू करावी. आपापल्या गावातल्या मच्छीमार सोसायटीने आणि जमातीच्या कमिटीने हे लेखी स्वरूपात सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांकडे द्यावे. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही.

हे होईपर्यंत बिघडलेले पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, चिठ्ठी लावून, घरापासून दूर सावलीत ठेवा. आणि हंगामाच्या पहिल्या फेरीला ताजे पेट्रोल भरूनच निघा. पाच लिटर वाचवण्यासाठी घरचा कर्ता माणूस भर समुद्रात अडकणे कोणालाच परवडणारे नाही.