पश्चात्ताप कोणी करावयाचा?

मुरूडहून पंढरीस जाणाऱ्या वारकरी स्त्रीला मेरी मॅग्दालिन ठाऊक नसेल. कान्होपात्रा ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी बिदरच्या बादशहाचे बोलावणे येताच विठ्ठलाच्या पायी गेली आणि तेथेच तिचा अंत झाला, अशी कथा आहे. तीत तिला पश्चात्ताप करावा लागत नाही. तो करावयाचा तर बादशहाने. त्याला कोणी विचारले नाही, ही गोष्ट वेगळी!

मॅग्दालिनच्या वाट्याला मात्र पश्चात्तापच आला. ती वेश्या होती असे शुभवर्तमानांत कोठेही म्हटलेले नाही. इ. स. ५९१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात तिला एका अनामिक पापिणीशी एकरूप केले. पुढे चित्रकारांनी मोकळे केस, उघडे खांदे आणि अश्रू यांचा बाजार मांडला. पापाची निंदा आणि पापाचे दर्शन, दोन्ही एकाच किमतीत! रोमन चर्चने ही चूक १९६९ मध्ये आपल्या पंचांगातून दूर केली.

फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यातील आर्तेमिसिया जेंतिलेस्की हिची मॅग्दालिन या बाजारात सहजासहजी बसत नाही. अंगावर पिवळे रेशमी वस्त्र, एक हात उराशी, दुसऱ्या हाताने ती आरसा दूर सारते आहे. आरशावरील लॅटिन वचन पापाचे नव्हे, निवडीचे आहे.

ही चित्रकर्ती सतरा वर्षांची असताना, १६११ मध्ये, वडिलांचा सहकारी आगोस्तिनो तास्सी याने तिच्यावर बलात्कार केला. रोममधील खटला सात महिने चालला. साक्ष खरी की खोटी हे ठरविण्यासाठी दोऱ्या आवळल्या गेल्या त्या तिच्याच बोटांना; आणि बोटे चित्रकर्तीची! तास्सी दोषी ठरला, परंतु त्याची हद्दपारी अमलात आली नाही. अर्थात तिच्या प्रत्येक चित्रात हा खटला शोधणे हाही अन्यायच होय. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत प्रवेश मिळविणारी ती पहिली स्त्री होती आणि दरबारी आश्रयदात्यांसाठी ती काम करीत होती.

तो काळ मागे पडला असे म्हणणाऱ्यांनी देसाईगंज आठवावे. तेथील पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला; अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडून दिले. देशभर निषेध झाला तेव्हा कोठे १९८३ मध्ये कायदा बदलला. वैद्यकीय तपासणीतील ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, हे त्याच न्यायालयाला २०२२ मध्येही सांगावे लागले. पीडितेबरोबर ठाण्यावर आणि रुग्णालयात जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या निकालाची प्रत जवळ ठेवावी.